तटाआडची दोन शहरं : वसई आणि दमण

द्वारका हे नाव समुद्राकाठच्या तटबंद नगरीचं. कृष्णाची ती नगरी समुद्रानं पोटात घेतली, असं पुराण सांगतं. दिल्लीच्या नैऋत्य टोकाला असलेल्या द्वारकेला मात्र समुद्राचा वारासुद्धा शिवत नाही. एके काळी पप्पनकलां म्हणून ओळखला जाणारा हा भाग दिल्ली विकास प्राधिकरणानं सेक्टर पाडून वसवला. सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि देशभरातून आलेल्या माणसांबरोबर सरकारी खात्यांत, लष्करात, विमान कंपन्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबंही इथं स्थिरावली. या घरांतली मुलं मित्रांशी हिंदीत भांडतात, अभ्यास इंग्रजीत करतात आणि मराठी बोलतात ती आजीपुरती. जानेवारीत थंडीची सुट्टी लागली की अशा घरात एकच खल चालतो, यंदा जायचं कुठं?

मुलांना समुद्र हवा असतो. बाबांना इतिहास पाहायचा असतो. आजीला डोंगरावरचा किल्ला झेपत नाही. मग कुणीतरी टीव्हीवर पाहिलेल्या परदेशी शहराचं नाव काढतं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचं कार्ताहेना हे तसंच एक शहर. कॅरिबियन समुद्राच्या काठी, दगडी तटाच्या आत रंगीत घरं, लाकडी सज्जे, चर्च आणि चौक. स्पॅनिश लोकांनी ते १५३३ मध्ये वसवलं आणि १९८४ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. शहर सुरेख आहे, यात शंका नाही. पण दिल्लीहून थेट विमान नाही, वाटेत एकदा-दोनदा विमान बदलायचं आणि चौघांच्या तिकिटांचा हिशेब मांडला की वर्षाची शिल्लक संपते.

गंमत अशी की कार्ताहेना वसलं त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. तिथंही समुद्रालगत तट उभा राहिला, चर्च झाली, श्रीमंतांचे वाडे झाले. उत्तरेला दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं आणि तिथंही तेच केलं. म्हणजे समुद्राकाठचं तटबंद शहर पाहायला कॅरिबियन गाठायची गरज नाही. दिल्लीहून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावरच अशी एक सोडून दोन शहरं आहेत. एकात आजही माणसं नांदतात, दुसरं ओसाड पडलं. दोन्ही लागोपाठ पाहावीत, म्हणजे त्या फरकाचं मोल कळतं.

दोन वेढे

वसईचा किल्ला डोंगरावर नाही. खाडीच्या मुखाशी, सपाट जमिनीवर तो पसरला आहे. जमिनीकडून एक दरवाजा, समुद्राकडून एक. आत शिरलं की आंब्या-चिंचेच्या, ताडाच्या गर्दीत एकेक भिंत पुढं येते. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा, फ्रान्सिस्कन मठाच्या कमानी, फरशीत बसवलेल्या पोर्तुगीज मजकुराच्या थडग्यांच्या शिळा. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. त्याच किल्ल्यात नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळही आहे.

दिल्लीत वाढलेल्या मुलांना वसईची गोष्ट दिल्लीपासूनच सांगावी. मार्च १७३७ मध्ये थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १७३९ च्या फेब्रुवारीत, त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी वसईला वेढा घातला. इकडे मराठे वसईच्या तटाखाली सुरुंग पेरत होते, तिकडे नादिरशहा दिल्लीत शिरला होता. मार्च १७३९ मध्ये त्यानं चांदणी चौकाच्या परिसरात कत्तल केली. उत्तरेत एवढा प्रलय चालला असताना मराठ्यांची मोठी फौज कोकणात गुंतली होती. वेढा उठवता येत नव्हता आणि तट फुटत नव्हता. माणसं पडत होती. अखेर सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना जहाजांतून निघून जाऊ दिलं गेलं. वसईतल्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली घंटा त्यांतलीच, असं मानलं जातं. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

आता पुन्हा कार्ताहेना. वसई पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १७४१ मध्ये, इंग्रज दर्यासारंग व्हर्नन १८० च्या आसपास जहाजं घेऊन त्या शहरावर चालून गेला. विजय मिळणारच या खात्रीनं इंग्लंडमध्ये आधीच पदकंसुद्धा पाडली गेली होती. पण एक पाय, एक डोळा आणि एका हाताचं बळ आधीच्या लढायांत गमावलेला स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो हटला नाही. पाऊस आला, पीतज्वराची साथ आली आणि इंग्रजांना परत फिरावं लागलं. शहर टिकलं, म्हणून आज तिथं पर्यटक कॉफी पीत बसतात.

वसईचं तसं झालं नाही. जुनं शहर रिकामं झालं ते पुन्हा त्या तऱ्हेनं भरलं नाही. शिवाय मुलांना सांगावी अशी आणखी एक तारीख इथं आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज स्वीकारली. ज्या गावी चिमाजी अप्पांनी पेशवाईची मान उंचावली, तिथंच ६३ वर्षांनी ती खाली गेली. पालकांनी पहिली तारीख सांगून दुसरी गाळू नये. मुलं मोठी होतात ती दोन्ही ऐकूनच.

दमणगंगेच्या दोन तीरांवर

दमणमध्ये चित्र वेगळं आहे. दमणगंगेच्या एका तीरावर मोटी दमण, दुसऱ्या तीरावर नानी दमण. मोटी दमणच्या तटाच्या आत सरकारी कचेऱ्या चालतात, चर्चमध्ये प्रार्थना होते. १६०३ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझुस चर्चमधलं लाकडी कोरीव काम डोळे भरून पाहावं असं आहे. पलीकडे नानी दमणचा सेंट जेरोमचा छोटा किल्ला. त्याच्या तटावर उभं राहिलं की खाली नदीत मच्छीमार होड्यांची दाटी दिसते. काही जुन्या घरांत पोर्तुगीज मिसळलेली खास दमणी बोलीही अजून ऐकू येते.

मराठी वाचकाला दमणमध्ये दोन धागे सापडतात. १७७२ मध्ये मराठी आरमारानं एका पोर्तुगीज जहाजाची हानी केली. तिची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये दमणशेजारचा नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्या मुलखातल्या सागवानातून दमणमध्ये ‘डॉम फर्नांडो दुसरा ई ग्लोरिया’ ही शिडाची युद्धनौका बांधली गेली. १८४३ मध्ये ती पाण्यात उतरली. पोर्तुगीज आरमाराची ही शेवटची शिडाची फ्रिगेट आज लिस्बनजवळ संग्रहालय म्हणून उभी आहे. दुसरा धागा १९६१ चा. वसई गेली तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिलं होतं. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे भारतीय सेना दमणमध्ये शिरली, ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. चिमाजी अप्पांच्या वेढ्याला तेव्हा २२२ वर्षं झाली होती.

बेत असा आखावा

दिवस : चार-पाच पुरतात. दिल्लीतल्या शाळांची जानेवारीची सुट्टी यासाठी उत्तम, कारण तेव्हा कोकण किनाऱ्यावर हवा सुखद असते. मात्र उत्तरेत दाट धुकं पडतं, गाड्या आणि विमानं रखडतात. जाताना-येताना एकेक दिवस हाताशी मोकळा ठेवावा. मे महिन्यात घाम आणि जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा हा बेत टाळावा.

जाण्याचा मार्ग : रेल्वेनं यायचं तर दमण आधी घ्यावं. वापीला थांबणारी गाडी पाहून आरक्षण करावं. तिथून दमण सुमारे १२ किलोमीटर. दोन रात्री राहून पुन्हा वापीहून वसई रोडला यावं. रेल्वेनं हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. स्टेशनपासून किल्ला १० किलोमीटरच्या आसपास, रिक्षा मिळते. परतीला मुंबईहून विमान घेता येतं. दिल्ली विमानतळ द्वारकेच्या शेजारीच, त्यामुळे रात्री उशिरा उतरलं तरी घर जवळ.

दमणमध्ये : शनिवार-रविवार टाळावेत. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्यानं सुट्टीच्या दिवशी इथं गर्दी आणि गोंगाट वाढतो. जामपोरच्या किनाऱ्यावर वाळू काळपट आहे आणि ओहोटीला पाणी खूप दूर जातं. भरती परतते ती वेगानं, म्हणून मुलांना आत लांब जाऊ देऊ नये. देवका किनाऱ्यालगत एप्रिल २०२३ मध्ये खुला झालेला सुमारे साडेपाच किलोमीटरचा सागरी पथ आजीला फिरायला सोयीचा आहे.

वसईत : किल्ला सकाळी लवकर पाहावा. पाणी, टोप्या, पक्के बूट बरोबर असू द्यावेत. मनोऱ्यांचे जिने अरुंद, अंधारे आणि झिजलेले आहेत. आजीनं खाली सावलीत बसणंच बरं. किल्ल्यापलीकडच्या कोळीवाड्यात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. बाजारात सुकेळी मिळाली तर जरूर घ्यावीत. राजेळी केळ्यांचा हा वाळवलेला खाऊ दिल्लीपर्यंत छान टिकतो.

आणखी एक गोष्ट. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी वड-पिंपळाची मुळं भिंतींत शिरतात आणि हौशी लोक चुन्यावर आपली नावं कोरतात. स्थानिक दुर्गप्रेमी तरुण स्वतःच्या सुट्टीत इथं सफाई करतात, माहिती सांगत फिरवतात. पाहुण्यांनी निदान आपला कचरा पिशवीत भरून परत न्यावा आणि मुलांच्या हातात खिळा किंवा खडू देऊ नये. दमण नांदतं राहिलं, कारण तिथं माणसं राहतात. वसईत आता कुणाचा संसार नाही. तिचं राखणं आता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्याच हाती आहे.