साल्वादोरच्या तालमी

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर साल्वादोर नांवाचें शहर आहे. पोर्तुगीजांनीं तें १५४९ सालीं वसविलें, आणि १७६३ पर्यंत त्या वसाहतीची राजधानी तेथेंच होती. हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या त्यांच्या गलबतांचा मुक्काम कित्येकदां या बंदरांत पडे. आपला आंबा नि फणस त्या देशांत पोर्तुगीजांनींच नेले; तेव्हां कोंकणांतील मनुष्यास तेथील बाजारांत पिकल्या फणसाचा वास येऊन घरची आठवण झाली, तर त्यांत नवल नाहीं. बंदर खालीं आणि जुनी वस्ती टेकडीवर, अशी शहराची रचना आहे. उंच लिफ्टमधून वर येऊन थोडें चाललें कीं पेलोरिन्यो नांवाचा उतरता चौक लागतो. रंगीत घरें, दगडी फरसबंदी, देवळांचे मनोरे. देखावा मोठा रमणीय! परंतु नांवाचा अर्थ समजला म्हणजे मन चरकतें. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांस बांधून चाबकानें फोडण्याचा खांब.

या चौकाच्या आसपास कापोएरा नांवाच्या विद्येच्या तालमी भरतात. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांमध्यें ती वाढली. तिला युद्धकला म्हणावें कीं नृत्य, असा प्रश्न नवख्यास पडल्यावांचून राहत नाहीं; तेथील लोक मात्र तिच्यासाठीं ‘खेळणें’ हेंच क्रियापद योजितात. माणसें वर्तुळाकार बसतात. या कड्यास ‘रोदा’ म्हणतात. एका अंगास वादकांची ओळ असते. खंजिरी, ढोल, लोखंडी घंटा अशीं वाद्यें असलीं तरी मुख्य मान बेरिंबावचा. लवचिक काठीस पोलादी तार ताणून केलेलें हें धनुष्यच होय. खालच्या अंगास वाळका, कोरलेला भोपळा बांधलेला असतो. वादक तो पोटाशीं धरतो, बारीक काडीनें तारेवर आघात करतो आणि दगड किंवा नाणें तारेस टेकवून स्वर पालटतो. तार बहुधा मोटारीच्या जुन्या टायरांतून काढलेली असते!

दोन खेळाडू वाद्यांपुढें उकिडवे बसतात. वस्ताद (तेथील शब्द ‘मेस्त्रे’) एक लांब कवन म्हणतो. त्यांत कधीं जुन्या वस्तादांचें स्मरण, तर कधीं समोरच्यास काढलेला चिमटा. तें संपेपर्यंत कोणी हालावयाचें नाहीं. मग सारें कडें ध्रुवपद उचलतें आणि खेळ सुरू होतो. त्यांचा मूळ पवित्रा ‘जिंगा’ हा स्थिर नसून झुलता आहे. एक पाय मागें जातो, मग दुसरा, आणि शरीर सारखें डोलत राहतें. त्या डोलण्यांतून अकस्मात् लाथ अर्धचंद्राकार फिरते. प्रतिपक्षी ती अडवीत नाहीं. वांकून तिच्याखालून निसटतो आणि तेथूनच आपला डाव टाकतो. कसलेला खेळाडू लाथ गालापाशीं आणून थांबवितो. ती लागली असती, एवढें सर्वांस कळलें म्हणजे झालें. आपल्या कुस्तीच्या फडांत हलगी वाजते ती मल्लांस चेव यावा म्हणून. येथें वाद्य हाच पंच. बेरिंबावनें लय वाढविली कीं खेळ जलद होतो, आणि त्यानें बोलावणें केलें कीं भांडणास आलेल्या गड्यांनींही परत येऊन त्याच्या पायाशीं बसलें पाहिजे.

म्हणून नुसते डाव शिकलेला मनुष्य अर्धाच शिकलेला समजतात. त्यानें गावें, टाळी धरावी, वाद्यें वाजवावीं, हीही तालीमच. पूर्वीं ही बहुतांशीं पुरुषांची मिरास होती. आतां स्त्रियाही बेरिंबाव हातीं घेऊन रोदा चालवितात.

१८८८ सालीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी बंद झाली, आणि लगेच १८९० च्या दंडसंहितेनें कापोएरा हा गुन्हा ठरविला! शिक्षा दोन ते सहा महिन्यांची कैद. हा कलंक धुऊन काढण्याचें बरेंचसें श्रेय मेस्त्रे बिंबा यांस आहे. त्यांनीं १९३२ सालीं तालीम काढली. १९३७ सालीं तिला सरकारी मान्यता मिळाली. त्यांनीं डावांची क्रमवार मालिका बसविली, आणि विद्यापीठांतील मुलें त्यांच्याकडे येऊं लागलीं. त्यांनीं विद्येचा जुना रस घालविला, असा आक्षेप घेतात. मला तो सर्वस्वी खरा वाटत नाहीं. बिंबांचा हात अखेरपर्यंत बेरिंबाववरच होता.

दुसरे थोर वस्ताद मेस्त्रे पास्तिन्या. लहानपणीं एक थोराड मुलगा त्यांस नेहमीं बडवीत असे. बेनेदितो नांवाच्या वृद्ध आफ्रिकनानें खिडकींतून तें पाहून त्यांस बोलाविलें आणि ही विद्या दिली, असें ते स्वतः सांगत. १९४१ सालीं त्यांनीं जुन्या, संथ, कावेबाज पद्धतीचें केंद्र स्थापिलें. पुढें त्यांची तालीम पेलोरिन्योंतच भरूं लागली. १९६६ सालीं ते ब्राझीलच्या वतीनें आफ्रिकेंत डाकार येथील कलामहोत्सवास गेले. परंतु कांहीं वर्षांतच दुरुस्तीच्या निमित्तानें त्यांची जागा काढून घेण्यांत आली, ती परत मिळाली नाहीं. त्या जागीं उपाहारगृह निघालें. दृष्टि गेलेली, हातीं पैसा नाहीं, अशा स्थितींत ते १९८१ सालीं वारले. बिंबाही उपेक्षेस कंटाळून १९७३ सालीं दूर गोयानियास गेले व वर्षभरांत तेथेंच निवर्तले. ब्राझील सरकारनें २००८ सालीं रोदेस आणि वस्तादांच्या विद्येस राष्ट्रीय वारसा म्हणून गौरविलें; २०१४ सालीं युनेस्कोनेंही रोदेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. वस्तादांस त्यावेळीं भाड्यापुरती रक्कम मिळाली असती, तर तो गौरव अधिक शोभला असता.

पेलोरिन्योहून चढण चढून गेलें कीं सांतो आंतोनियोचा किल्ला लागतो. तेथें पूर्वीं तुरुंग होता. पास्तिन्यांचे पट्टशिष्य जुआंव पेकेनो यांनीं १९८२ सालीं गुरूचें नांव लावून तेथें तालीम उघडली. २०११ सालीं वयाच्या ९३ व्या वर्षीं ते वारले. त्यांचे गुरुबंधु जुआंव ग्रांदे न्यूयॉर्कास जाऊन शिकवूं लागले. साल्वादोरचे लोक आज त्या जुन्या तुरुंगास कापोएराचा किल्ला म्हणतात.