शेवटच्या बाकावरची मुले

नंबर या गोष्टीचे आपल्या पांढरपेशा घरांतून केवढे प्रस्थ आहे, हे मी वाचकांना सांगायला नको. मुलगा शाळेतून निकाल घेऊन आला, की 'काय शिकलास?' असे त्याला कोणी विचारीत नाही, 'कितवा आलास?' असे विचारतात. पहिला आला तर पेढे, दुसरा आला तर 'थोडक्यात हुकला हो!' आणि शेवटून पहिला आला, तर त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

मी चौतीस वर्षे ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकविले. त्यामुळे पहिला नंबर आणि शेवटचा नंबर या दोन्ही जाती मी फार जवळून पाहिल्या आहेत. पहिल्या नंबराच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते, बक्षीस समारंभात पुस्तके मिळतात, पुढच्या बाकावर जागा मिळते आणि शिक्षकांचे लक्षही त्याच्याकडेच असते. ज्याच्या पानात आधीच पुष्कळ वाढलेले आहे, त्यालाच आणखी आग्रह! आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय मिळते? खिडकी.

जगाची रीतच ही, असे मी धरून चाललो होतो. आणि निवृत्तीनंतर, साठी उलटून गेल्यावर, मला असा एक खेळ भेटला की ज्यात शेवटचा नंबर येणाराला पंगतीत सर्वांच्या आधी वाढतात!

हा खेळ म्हणजे बेसबॉल. २००८ सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत गेलो. फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी जावईबापूंची नोकरी. लेक आणि जावई सकाळी मोटारींतून जात, ते दिवेलागणीला परत येत. घरात मी, आमची सौभाग्यवती आणि दहा वर्षांचा नातू. त्याने माझे शिक्षण हाती घेतले. 'आजोबा, तुम्ही क्रिकेट विसरा,' हा त्याचा पहिला धडा. चेंडूला टप्पा नाही, बॅट म्हणजे चक्क मुसळ, आणि उभे राहायचे ते मैदानाच्या एका कोपऱ्यात. फेकलेला चेंडू मारायचा, चार कोपऱ्यांवरच्या चार बेसना शिवत परत घरी यायचे, की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. दोन्ही बाजूंच्या अशा नऊ-नऊ पाळ्या. महिन्याभरात मी पहिली यत्ता पास झालो.

त्या गावचा संघ म्हणजे टॅम्पा बे रेज. आदल्या वर्षापर्यंत त्याचे नाव 'डेव्हिल रेज' होते. आपल्या कोकणात ज्याला पाकट म्हणतात, त्या जातीच्या एका माशावरून ते ठेवलेले. २००७ च्या नोव्हेंबरात मालकांनी त्यातला 'डेव्हिल' काढून टाकला. पुढे संघ जिंकू लागला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने त्याची उपपत्ती एका वाक्यात सांगितली : 'सैतान गेला, लक्ष्मी आली.'

लक्ष्मी येण्यापूर्वीची कथा मात्र दारुण होती. हा संघ जन्मला १९९८ साली. पहिल्या दहा वर्षांत एकही वर्ष असे गेले नाही, की तो नव्वदाहून कमी सामने हरला. आपल्या पाच संघांच्या गटात दहांपैकी नऊ वेळा शेवटचा. एकदा, २००४ साली, चौथा आला, एवढाच काय तो पराक्रम. २००७ साली ६६ जिंकले, ९६ हरले. साऱ्या अमेरिकेत त्याहून वाईट कामगिरी कोणाची नव्हती. बरे, गटातले सोबती कोण, तर न्यूयॉर्कचे यांकी आणि बोस्टनचे रेड सॉक्स. २००८ च्या आरंभी यांकींच्या खेळाडूंचा वर्षाचा पगार होता सुमारे २१ कोटी डॉलर. रेजचा सुमारे साडेचार कोटी. म्हणजे एकाच वर्गात बंगल्यातला मुलगा आणि चाळीतला मुलगा. फरक एवढाच, की इथे परीक्षा एकाच पेपराची होती.

आणि त्या २००८ साली या संघाने ९७ सामने जिंकले, ६५ हरला आणि बोस्टनला मागे टाकून गटात पहिला आला.

मी गणिताचा माणूस. वर्षाच्या आत ९६ पराभवांवरून ९७ विजयांवर हा संघ आलाच कसा, याचा मला उलगडा होईना. संघाचे व्यवस्थापक जो मॅडन हे जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावणारे गृहस्थ. पाहताच एखाद्या महाविद्यालयातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक वाटावेत असे. त्यांनी आपल्या मुलांना एक सूत्र दिले होते : ९ = ८. हे सूत्र छापलेला सदरा घालून नातू माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा माझा हात नकळत तांबड्या पेन्सिलीकडे गेला. पण अर्थ असा, की नऊ खेळाडूंनी नऊच्या नऊ पाळ्या जीव ओतून खेळले, तर बाद फेरीत जाणाऱ्या आठ संघांपैकी एक आपण होऊ. मी ते गणित मान्य केले. उत्तर बरोबर आल्यावर रीतीचे गुण कापू नयेत, असा आमच्या पेपर तपासणीत दंडकच होता.

परंतु खरी मेख निराळीच होती, आणि ती मला जावईबापूंनी एका रविवारी पोह्यांच्या बशीवर समजावून दिली. अमेरिकेतले शाळा-महाविद्यालयांतले होतकरू खेळाडू वर्षातून एकदा सगळे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. १९६५ पासूनची ही रीत. आणि पाळी लावायची ती उलटी. जो शेवटचा, त्याने आधी उचलायचे. जो पहिला, त्याने सर्वांच्या मागून.

मी बशी खाली ठेवली. 'म्हणजे नापास मुलाला शिष्यवृत्ती?'

'तसंच म्हणा ना, बाबा,' जावईबापू म्हणाले. 'नाहीतर श्रीमंत संघच कायम जिंकतील आणि बाकीच्या गावांतली माणसं सामने बघायचीच बंद होतील.'

मग मला त्या संघातली एकेक नावे निराळी दिसू लागली. बी. जे. अप्टन हा २००२ साली दुसऱ्या पाळीला उचललेला. एव्हन लाँगोरिया २००६ साली तिसऱ्या पाळीला. डाव्या हाताने चेंडू फेकणारा उंचनिंच डेव्हिड प्राइस तर २००७ साली अगदी पहिल्या पाळीचा. कारण २००६ साली हा संघ देशात सर्वांत खाली होता. दहा वर्षांच्या पराभवांच्या ठेवीवरचे हे व्याज म्हणायचे! बहुतेक मुले चोविशीच्या आतबाहेरची. त्यातही लाँगोरियाची हकिकत ऐकून माझ्यातला शिक्षक चरकला. हा मुलगा शाळेतून बाहेर पडला, तेव्हा ना कोणा संघाने त्याला विचारले, ना कोणा मोठ्या विद्यापीठाने. घराजवळच्या एका साध्या कॉलेजात राहून तो खेळला, वाढला, आणि २००८ साली वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

अर्थात केवळ पहिली पाळी मिळाली म्हणून भाग्य उजाडत नाही. पिट्सबर्गचा संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत वीस वर्षे ओळीने जिंकण्यापेक्षा अधिक हरत होता. निवडीची संधी त्यालाही मिळतच होती. आणि माणसाचा स्वभाव कुठे जातो? पहिली पाळी मिळावी म्हणून काही संघ मुद्दाम हरतात, अशी ओरड पुढे सुरू झाली. म्हणून २०२३ च्या निवडीपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढू लागले. संधी ही नुसती शिडी. चढण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे.

ते चढणे आम्ही त्या ऑक्टोबरात डोळ्यांनी पाहिले. संघातल्या खेळाडूंनी डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मधोमध तुरा ठेवला होता. मॅडन यांनीही तो ठेवला. नातवाने तसाच हट्ट धरला, तेव्हा आजी म्हणाली, 'अहो, याची मुंज व्हायचीय अजून, आणि हा आधीच शेंडी ठेवतोय; तीही कपाळापर्यंत!' पण ठेवली त्याने. पहिल्या फेरीत शिकागोच्या व्हाइट सॉक्सबरोबरच्या पहिल्याच सामन्यात लाँगोरियाने पहिल्या दोन खेपांना दोनदा चेंडू थेट मैदानापार धाडला. ती फेरी तीन विरुद्ध एक अशी खिशात पडली.

मग आले बोस्टन. आदल्या वर्षीचे जगज्जेते. सातांपैकी चार सामने जिंकायचे. पहिला हरलो, पुढचे तीन जिंकलो. ('हरलो' आणि 'जिंकलो' असे मी केव्हापासून म्हणू लागलो, कोण जाणे!) पाचवा सामना बोस्टनमध्ये, १६ ऑक्टोबरच्या रात्री. सातव्या पाळीत आम्ही ७-० असे पुढे होतो. आणखी सात गडी बाद झाले, की फेरी संपली. दुसऱ्या दिवशी शाळा. तेव्हा नातू जिंकल्याच्या आनंदात झोपायला गेला. आणि मग ती गोष्ट घडली. त्या पाळीत बोस्टनने चार धावा केल्या, पुढच्या पाळीत तीन, आणि नवव्या पाळीत जे. डी. ड्रू नावाच्या फलंदाजाने शेवटचा टोला हाणला. ८-७. बाद फेरीत एवढी मोठी आघाडी वाया जाण्याचा प्रकार १९२९ नंतर घडला नव्हता.

मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही चौघे मोठी माणसे दिवाणखान्यात गप्प बसलो होतो, आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न : सकाळी पोराला सांगायचे कोणी?

ते काम माझ्याकडे आले. वर्गात निकाल वाचून दाखविण्याची चौतीस वर्षांची सवय असूनही मला शब्द सुचेनात. तो दात घासून आला. मी सांगितले. तो तुरा खाली घालून बराच वेळ उभा राहिला. डोळ्यांत पाणी आले, ते त्याने सदऱ्याच्या बाहीला पुसले. मग म्हणाला, 'आजोबा, पुढची मॅच शनिवारीच आहे ना?'

एवढेच. दप्तर उचलले आणि गेला.

शनिवारचा सामनाही हरलो. तीन-तीन अशी बरोबरी झाली. आता ही पोरे मोडणार, दहा वर्षांच्या पराभवाची जुनी सवय त्यांना खाली ओढणार, असे जाणती माणसे सांगू लागली. रविवारी, १९ तारखेला, सेंट पीटर्सबर्गच्या त्या कलत्या घुमटाखाली, गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवणाऱ्या हजारो लोकांसमोर सातवा सामना झाला. पहिल्याच पाळीत बोस्टनने एक धाव काढली. पण मॅट गार्झाने सात पाळ्यांत त्यांना पुढे काहीच करू दिले नाही. लाँगोरियाने बरोबरी साधली. रॉको बाल्डेली या खेळाडूला स्नायू विलक्षण थकविणारा विकार जडलेला. वर्षातला बराच काळ तो मैदानाबाहेर होता. संघाला आघाडी देणारा टोला त्याचा! आठव्या पाळीत ३-१ असताना बोस्टनचे तिन्ही बेस भरले, दोन गडी बाद, आणि समोर उभा कोण, तर तोच जे. डी. ड्रू.

मॅडन यांनी चेंडू कोणाच्या हाती द्यावा? डेव्हिड प्राइसच्या. या तेवीस वर्षांच्या पोराला मोठ्या संघात येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. मी सौभाग्यवतीला म्हटले, 'बोर्डाच्या परीक्षेला पहिलीतला मुलगा बसवतायत.' पण त्या मुलाने ड्रूला बाद केले, आणि नवव्या पाळीत उरलेला पेपरही सोडविला. शेवटचा चेंडू अकिनोरी इवामुराने टिपून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, आणि आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या बाई चौकशीला आल्या. सौभाग्यवतीने त्यांच्या हातावर साखर ठेवली.

अंतिम फेरीत मात्र फिलाडेल्फियाने आम्हांला चार विरुद्ध एक असे हरविले. पाचवा सामना २७ ऑक्टोबरला पावसाने मध्येच अडला, तो २९ तारखेला पुरा झाला. मध्ये २८ ला लक्ष्मीपूजन. त्यामुळे त्या वर्षी करंज्या तळताना आमच्या घरातल्या साऱ्यांचे लक्ष फिलाडेल्फियाच्या आभाळाकडे होते! जगज्जेतेपद त्या वर्षी मिळाले नाही, आणि २०२० साली रेज पुन्हा अंतिम फेरीत पोचले, तेव्हाही मिळाले नाही. तो घुमटही २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळाने फाडून नेला.

परंतु मला त्या ऑक्टोबरातून आठवतो तो चषक नव्हे, आणि तो विजयसुद्धा नव्हे. ७-० वरून हरल्यानंतरचा तो शुक्रवार आठवतो. पहिला नंबर टिकविणाऱ्या मुलांना असा शुक्रवार सहसा ठाऊक नसतो; म्हणून तो आला, की त्यांतली पुष्कळशी कोसळतात. मी तशी मुले पाहिली आहेत. शेवटच्या बाकावरच्या मुलांचे मात्र सगळेच वार शुक्रवार असतात. पडल्यावर उठायचे कसे, याचा अभ्यास त्यांच्याइतका कोणाचाच झालेला नसतो. फक्त त्या विषयाचा पेपर आपण काढीत नाही. त्या अमेरिकन लोकांनी तो काढला, आणि वर, शेवटच्या मुलांना म्हटले, 'या, आधी तुमची पाळी.'

या दिवाळीत आपल्या घरी सहामाहीचे निकाल आलेले असतील. कोणाचा कितवा नंबर आला असेल तो येवो. फराळाचे ताट मात्र यंदा शेवटच्या नंबराकडून वाढायला घ्या. मोती वेचायला मिळतील, अशी हमी मी देत नाही. पण तुमच्या घरातला एखादा लाँगोरिया अजून कोणी विचारले नाही म्हणून खिडकीबाहेर बघत बसलेला असेल, तर त्याला निदान आपल्या नावाची हाक तरी ऐकू येईल.