सोंगटी उचलायच्या आधी

एरवी कॅमेरा दिसला की माणसाची मान ताठ होते, पदर नीट होतो, ओठांवर ठेवणीतलं हसू येतं. खेळ रंगला की हे सगळं गळून पडतं. म्हणून म्हैसूरमधल्या जयलक्ष्मीपुरमच्या उद्यानात संध्याकाळचा तिरपा उजेड झाडांखाली उतरला की मी खेळणाऱ्यांचेच फोटो काढते. बाकावर बुद्धिबळ असतं, पलीकडे पोरांचं क्रिकेट, आणि माझ्या सर्वांत आवडीचा चौकाबारा.

तो खेळ अंगात मुरलेला नसता, तर त्याचे फोटो मला साधले नसते. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या. कवड्या फेकणारा हात देखणा दिसतो, पण मी तिथे बटण दाबत नाही. कवड्या थांबतात. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि दोन्ही वेळा आणखी एक डाव. आता नजर घरं मोजत पटावरून धावते. कुणाची सोंगटी मारायची ते सोंगटी उचलण्याआधीच चेहऱ्यावर उमटतं. माझा फोटो तिथे आहे. आजोळी फोडलेले चिंचोके टाकून आम्हीही असेच पटावर ओणवे व्हायचो. ती अधीरता मला लांबूनही ओळखू येते.

पटांचं वेड या शहराला जुनं आहे. तिसरे कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) यांच्या हातून १८३१ साली इंग्रजांनी कारभार काढून घेतला. राज्य असं गेल्यावर हा राजा चौसष्ट घरांत रमला. बुद्धिबळाचा घोडा प्रत्येक घरात एकदाच जाईल अशा वाटा त्याने शोधल्या, नवे पट रचले. जगन्मोहन राजवाड्यात त्याचे पट भिंतीवर रंगवलेले आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला चुटपुट लागते. पट राहिले, त्यांवर ओणवे झालेले चेहरे गेले.

असे चेहरे जपणारा माणूसही म्हैसूरचाच निघाला, हे मला फार मोलाचं वाटतं. छायाचित्रकार टी. एस. सत्यन (१९२३-२००९) यांनी युनिसेफसाठी देशभर फिरून मुलांचे फोटो काढले. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मांडले गेले. साध्या माणसाच्या रोजच्या जगण्याकडे इतक्या मायेनं पाहता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तरी संमतीचा प्रश्न उरतोच. आधी विचारलं तर खेळ मोडतो, न विचारता काढला तर चोरी वाटते. मुलांच्या बाबतीत मी आधी आईवडिलांना विचारते, तिथे तडजोड नाही. मोठ्यांना डाव संपल्यावर फोटो दाखवते. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाकते. पण नको म्हणणारे थोडे. परवा एका अज्जींना पडद्यावर त्यांचाच चेहरा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. पटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून शेजारणीला म्हणाल्या, "बघ, ही सोंगटी इथे होती. तू म्हणालीस पुढच्या घरात." आणि दोघींचं पुन्हा सुरू झालं.