पाठ असलेला विनोद

आमच्या घरी एक विनोद होता. होता म्हणतो, कारण तो अब्बांचा होता आणि अब्बा आता नाहीत. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी छोटी गाडी तेव्हा चालायची. अडीच फुटांचे रूळ, छोटे डबे आणि चाल अशी की खिडकीतून शेतातल्या माणसाची खुशाली विचारून उत्तर ऐकेपर्यंत तो माणूस समोरच असायचा. तर एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन रुळाच्या बाजूने चाललेली असते. ड्रायव्हरला दया येते. तो म्हणतो, "बस ना बाई गाडीत, काहून पायी जाते?" म्हातारी म्हणते, "नाही रे बापू, आज मले घाई हाय."

एवढाच विनोद. हळू गाडी जिथे जिथे असेल तिथे तो कोणीतरी सांगत असणारच. मूर्तिजापूरच्या शकुंतलेलाही तो तंतोतंत बसतो. अब्बा मात्र तो आमच्या स्टेशनजवळ स्वतः पाहिल्यासारखा सांगत. पाहुणा आला, चहा झाला, की म्हातारी निघालीच. अम्मी चुलीजवळून शेवटचं वाक्य अब्बांच्या आधीच बोलून टाकायची. अब्बांना राग येत नसे. उलट तिने म्हणावं म्हणून ते तिथे जरा थांबायचे, आणि आम्ही भावंडं त्या थांबण्यालाच हसायचो. म्हातारीला कोण हसतं?

विनोदाबद्दल आपण नेहमी ऐकतो की त्यात धक्का हवा, शेवट आधी कळला की मजा गेली. मला हे अर्धंच खरं वाटतं. 1988 साली आलेला 'अशी ही बनवाबनवी' घ्या. टीव्हीवर लागला की घरातली तीन पिढ्यांची माणसं अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या आधी संवाद म्हणतात. मुळात ती गोष्टच दुसऱ्यांदा सांगितलेली, 1966 च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावर बेतलेली. म्हणून कोणाचं हसू कमी झालं? पुलंच्या कॅसेटी ऐकणारेही पुढे काय येणार हे ठाऊक असतं म्हणूनच आधीपासून सावरून बसतात. नव्या विनोदात आपण विनोदाला हसतो. पाठ असलेल्या विनोदात आपण शेजारी बसलेल्याकडे बघून हसतो.

आणि शेजारी कोणी नसेल तर? सकाळी 7 वाजता एका ग्रुपवर आलेला विनोद 9 वाजता दुसऱ्या ग्रुपवर येतो, दुपारी साडूभाई पाठवतात. तिसऱ्यांदा हसू येत नाही. तोही पाठ झालेलाच असतो, पण त्यात चुलीजवळून बोलणारी अम्मी नसते.

अब्बांचा दुसरा लाडका माणूस मुल्ला नसरुद्दीन. मुल्ला प्रवचनाला उभा राहतो आणि विचारतो, मी काय सांगणार हे तुम्हाला माहीत आहे का? लोक म्हणतात, नाही. मग अशा अडाण्यांना काय सांगायचं, म्हणून तो निघून जातो. पुढच्या शुक्रवारी लोक हुशार होतात, म्हणतात, हो. मग सांगायची गरजच काय, म्हणून तो परत जातो. तिसऱ्या वेळी अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही. मुल्ला म्हणतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगावं. आमच्या घरात नेमकं हेच चालायचं. नवी सून आली, नवा जावई आला, की ज्यांना म्हातारी माहीत होती ते तिची ओळख करून द्यायचे. विनोद पाठ झाला की माणूस घरचा झाला असं समजायचं.

असाच एक विनोद माझा आणि माझ्या शाळेतल्या मित्राचा आहे. रमजानच्या 29 व्या रोजाला संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "काय मियाँ, चाँद सापडला का? का टॉर्च घेऊन येऊ?" मी म्हणायचो, "ये बे, चाँद नाही तर सकाळचा शीरखुर्मा तरी सापडल." वीसेक वर्षं हेच. त्याच्या एकादशीला मी विचारायचो, आज उपास आहे का जास्तीचं जेवण? तो साबुदाण्याची उसळ खातखातच शिव्या द्यायचा.

मग एकदा नागपूरला एका लग्नाच्या पंगतीत त्याने शेजारच्या माणसाशी माझी ओळख करून दिली आणि कौतुकाने आमचा टॉर्चचा किस्सा सांगितला. तो माणूस मोठ्याने हसला. मग त्याने चाँदवर स्वतःचा एक विनोद जोडला. मीही हसलो. मग त्याने आणखी एक सांगितला. तो चाँदवर नव्हता. आजूबाजूचे हसले, मी पानातल्या वरणाकडे बघत राहिलो. मित्र हसला नाही. परतीच्या वाटेवर तो रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता.

पुढच्या रमजानला फोन आला नाही. ईदच्या सकाळी मेसेज आला, हिरवी मशीद, कंदील आणि 'आपणास व आपल्या परिवारास'. आपणास! त्या पंगतीतल्या माणसाचं मला फार वाटलं नव्हतं, तशी माणसं भेटतात. हे मात्र लागलं. मला दुखू नये म्हणून तो माझ्याशी नीट बोलायला लागला होता. दोन ईदा अशा गेल्या. मीही 'धन्यवाद' लिहून मोकळा व्हायचो, चूक माझीही होती.

तिसऱ्या वर्षी 29 व्या रोजाला मगरिबनंतर मीच फोन लावला. म्हटलं, "टॉर्च विकली का बे?"

तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "सेल संपले होते."

दुसऱ्या दिवशी तो लेकीला घेऊन आला. शीरखुर्म्याची दुसरी वाटी चालू असताना मला अब्बांची म्हातारी आठवली, मी सांगायला घेतली. शेवटचं वाक्य माझ्या आधी मित्राने म्हणून टाकलं आणि आम्ही दोघं ठसका लागेपर्यंत हसलो. पोरगी दोघांकडे बघत राहिली. छोटी गाडी 2019 साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा ती फारच लहान होती.

"पण काका," तिने विचारलं, "घाई होती तर ती गाडीत काहून नाही बसली?"

"सांग आता हिले," मित्र म्हणाला, आणि वाटी पुढे केली.