वर्ध्यात स्पिरिट मिळेल का, भाऊ?

ट्रेकसाठी स्टोव्ह घ्यायचा म्हटलं की आपण आधी वजन बघतो. मीही तेच केलं. गॅसचा बर्नर १०० ग्रॅमच्या आत मिळतो, पण त्याचं कॅनिस्टर रेल्वेत न्यायला बंदी. रॉकेल-स्पिरिटचंही तेच. आणि मला तर सेवाग्राम एक्स्प्रेसने वर्धा गाठायचं होतं, तिथून बोर धरण. मग स्पिरिटचा चिमुकला पितळी स्टोव्ह रिकामाच सॅकमध्ये टाकला. इंधन काय, तिकडे घेऊ!

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा, हे मला हार्डवेअरच्या दुकानात 'स्पिरिट आहे का?' विचारल्यावर आठवलं. दुकानदाराने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 'कायले पाहिजे?' स्टोव्ह काढून दाखवला, तेव्हा कुठे बाटली हातात पडली.

बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सागाचा वाळका पाचोळा पडलेलं जंगल, आत काडी पेटवायचा प्रश्नच नाही. म्हणून हिंगणीजवळ एका शेताच्या धुऱ्यावर, मालकाला विचारून चहा ठेवला. शेजारीच वेचलेल्या कापसाचा ढीग. दुपारचं लख्ख ऊन. ज्योत काही दिसेना. विझला वाटतं, म्हणत मी बाटलीचं बूच काढलं.

'थांबा न जी! जळून राह्यला तो अजून!' काकांनी माझं मनगटच धरलं. स्टोव्हवर हात नेला, तर चांगलाच चटका. स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही. तेव्हा ओतलं असतं, तर बाटलीच पेटली असती. आणि शेजारी काकांची वर्षाची कमाई.

चहा शेवटी त्यांच्या घरी चुलीवर झाला.

तर मंडळी, स्वतःच्या गाडीने जात असाल तर गॅस घ्या. नॉब फिरवला की बंद. साधं ब्युटेन शून्य अंशाजवळ अडून बसतं, पण वर्ध्याच्या थंडीत ती भीती नाही. फक्त उन्हाळ्यात कॅनिस्टर बंद गाडीत सोडू नका. रेल्वेने जाणार असाल तर स्पिरिट, तेही तिथेच घेतलेलं. उष्णता गॅसच्या जेमतेम निम्मी, त्यामुळे चहाला वेळ लागणार. विझवायला घट्ट झाकण हवंच, आणि स्टोव्ह गार झाल्याशिवाय पुन्हा ओतायचं नाही. जंगलात जाताना मात्र थर्मास.

माझ्या स्टोव्हला आता झाकण आहे. वजन थोडं वाढलंय. चालेल.