हेलिकॉप्टरचा घसारा

खेळण्यातले लहान हेलिकॉप्टर एकाएकी निकामी होत नाही. प्रथम ते हवेत स्वतःभोवती सावकाश फिरू लागते. रिमोटवरील समतोल साधणारी बारीक कळ थोडी फिरविली की ते स्थिर होते आणि दोष गेला असे वाटते. आठ-दहा दिवसांनी ती कळ आणखी फिरवावी लागते. शेवटी कळ टोकाला पोहोचते आणि फिरणे कायम राहते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर घसारा पहिल्या दिवसापासून चालूच होता. फक्त तो खात्यात दिसत नव्हता.

खामगावातील एका चांदीच्या व्यापाऱ्याच्या घरी गेल्या चातुर्मासात हेच घडले. हेलिकॉप्टर अकरा वर्षांच्या नातवाचे. दिवाळीला मिळालेले पैसे साठवून त्याने ते घेतले होते आणि आजोबांनी घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे ती रक्कम आपल्या वहीत स्वतःच्या हाताने नावे टाकली होती. त्याच्या आयुष्यातील ती पहिली खरेदी. आता ती बुडीत खाती जाणार, या विचाराने मुलगा हिरमुसला होता.

मुलाच्या वडिलांचे मत स्पष्ट होते. "बाबा, मोटार शंभर-दीडशेची असेल; पण तुमचे दोन दिवस कितीचे? त्यापेक्षा नवे मागवू."

"माझ्या दोन दिवसांना सध्या गिऱ्हाईक नाही," आजोबा म्हणाले.

उत्तर विनोदाने दिलेले असले, तरी त्याला एक बोच होती. एके काळी पेढीवर तुटलेल्या पैंजणाला डाख देणे, सैल फास बदलणे ही कामे दिवसभर चालत. आता हुपरीहून तयार माल येतो. गिऱ्हाईक जुने पैंजण मोडीत घालते आणि नवे घेऊन जाते. आजोबांचा चिमटा आणि भिंग खणात पडून असतात. वडिलांचा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु चांदीला जो न्याय लागू पडतो, तो प्लॅस्टिकच्या खेळण्याला पडत नाही. मोडीतल्या चांदीचे वजन करून दाम मिळतात. हेलिकॉप्टर मोडीत घातले तर भंगारवालाही हात लावणार नाही. त्याची सारी किंमत त्याच्या उडण्यात.

सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपत असल्याने दोघांना रात्री निवांत वेळ मिळे. आजोबांनी मोटारीवर लगेच आळ घेतला नाही. आधी बॅटरी पूर्ण भरून पाहिली. मग पंखे बोटाने हलके फिरविले. दातेरी चाकात घरातील केस अडकलेला निघाला, तो काढला. तारांचे जोड तपासले. तरीही दोष गेला नाही. मग थोडा वेळ उडवून दोन्ही मोटारींना बोट लावले. एक कोमट होती, दुसरी चटका बसण्याइतकी तापलेली.

अशा हेलिकॉप्टरला एकाच अक्षावर वर-खाली दोन पंखे असतात आणि ते परस्परांविरुद्ध दिशांनी फिरतात. एक पंखा यंत्राचे अंग ज्या बाजूला ढकलतो, त्याच्या उलट बाजूला दुसरा ढकलतो. म्हणून अंग स्थिर राहते. एकाची मोटार दमली की दुसऱ्याचा जोर वरचढ होतो. आपल्या नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरे याच रचनेची. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी प्रथम उडालेले 'इन्जेन्युइटी'ही तसेच. पाच उड्डाणांची अपेक्षा होती, बहात्तर झाली. जानेवारी २०२४ मध्ये पाते मोडले आणि ते कायमचे थांबले. मंगळावर चिमटा घेऊन बसणारे आजोबा नाहीत, ही टिप्पणी नातवाची.

घरच्या मिक्सरचे कार्बन झिजतात, तेव्हा ते बदलून यंत्र पुन्हा चालते. खेळण्याच्या मोटारीतही तेच काम करणाऱ्या धातूच्या इवल्या पट्ट्या असतात. फिरत्या भागावर घासून त्या झिजतात. पण मोटारीचे टोपण दाबून बंद केलेले असल्याने पट्ट्या बदलता येत नाहीत, मोटारच बदलावी लागते. पंखा पडद्यात अडकला असताना बटण दाबून ठेवणे आणि मोटार निवू न देता लागोपाठ उडविणे, या दोन गोष्टींनी तिचे आयुष्य फार कमी होते. नातवाला दोन्ही सवयी होत्या.

नवी मोटार टपालाने आली. या नमुन्यात एका मोटारीचा दांडा लांब असतो, दुसरीचा आखूड. म्हणून मागविण्यापूर्वी माप घेतले होते. जुन्या तारा काढण्याआधी नातवाने कोणती तार कोठे, याचे चित्र वहीत काढले, कारण तारा उलट लागल्या की पंखा उलटा फिरतो. दातेरी चाक जुन्या दांड्यावरून हळूच उपसून नव्यावर बसविले. डाख मात्र आजोबांनी दिला. हात किंचित थरथरत होता. मनगट टेबलावर टेकताच स्थिर झाला.

हेलिकॉप्टर वर गेले आणि पुन्हा फिरू लागले, या वेळी विरुद्ध दिशेने. मुलाचा चेहरा उतरला. आजोबांनी मात्र टोकाला गेलेली कळ मध्यावर आणावयास सांगितले. फिरणे बरेच कमी झाले, पूर्ण थांबले नाही. नवी मोटार ताजी आणि जोडीदार अर्धी झिजलेली. अशा वेळी दोन्ही बदलणेच बरे, हे मान्य करून आजोबांनी दुसरीही मागविली. खर्च दुप्पट झाला. नातवाने तोही वहीत लिहिला.

दुसरी मोटार बसल्यावर यंत्र दिवाणखान्यात छताखाली स्थिर उभे राहिले. पहिली जुनी मोटार आजोबांनी पेढीवर नेऊन सावकाश उघडली. भिंगाखाली पट्टीचे टोक जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मुलाचे वडीलही गल्ल्यावरून उठून आले आणि बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"किती तास चालली ही?" त्यांनी नातवाला विचारले.

त्याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. त्या रात्री वहीत मिनिटांसाठी एक नवा रकाना आखला गेला.