एक-षष्ठांश फेरा

आमच्या थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्यांची जी चीजवस्त आमच्या वांट्यास आली, तींत १९६८ सालची एक महिंद्र जीप होती. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईस अमेरिकन विलिस जीपचे भाग आणून जोडण्यास आरंभ झाला, त्याच घराण्यांतली ही गाडी. आमच्या बीड जिल्ह्यांतील खडकाळ वाटांवर एके काळीं डॉक्टर, पुढारी, लग्नाचें वऱ्हाड, सर्वांसच जीपचा आधार असे. आम्ही मात्र सारा जन्म अंबाजोगाईस संस्कृत शिकविण्यांत घालविला. चाकाविषयीं आमचें ज्ञान 'अक्ष', 'नाभि', 'अर', 'नेमि' या शब्दांपुरतेंच. तरी बंधूंची आठवण म्हणून ती विकवेना.

गेल्या मार्गशीर्षांत पुढच्या डाव्या चाकांतून घुरघुर ऐकूं येऊं लागली. गांवांतला एक कारागीर आमचा जुना विद्यार्थी. त्यानें चाक जॅकवर उचललें, हलवून पाहिलें आणि 'गुरुजी, बेअरिंग गेली,' असें निदान सांगितलें. आम्ही शेजारींच खुर्ची टाकून बसलों.

नाभि म्हणजे चाकाचा तुंबा. त्यांत दोन बेअरिंगा असतात, एक आंतली व एक बाहेरची. प्रत्येकींत निमुळते पोलादी रोलर पिंजऱ्यांत वर्तुळाकार बसविलेले असून ते ज्या कडीवर फिरतात, ती तुंब्यांत घट्ट ठोकलेली असते. तीहि बदलावी लागते. जुन्या कडीवर नवे रोलर टिकत नाहींत. त्यानें जुन्या कड्या चोहोंकडून थोड्या थोड्या ठोक्यांनीं काढल्या, तुंबा धुतला, नव्या कड्या बसविल्या, नव्या बेअरिंगांत तळहातानें दाबून ग्रीस भरलें आणि आंसाच्या टोकावर मोठा नट चढविला. एका हातानें चाक फिरवीत तो नट आवळीत गेला. चाक अडूं लागतांच त्यानें नट किंचित् मागें घेतला.

आम्हांस तें पाहवेना.

"अरे, आवळलेलें सैल कां करतोस?"

"गुरुजी, थोडी ढील लागते."

"ढिलाईनेंच तर सारें बिघडतें! नीट आवळ."

तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग मुकाट्यानें त्यानें नट आवळला, वर वॉशर व दुसरा नट चढविला आणि वॉशरची कड दुमडून टाकली.

दोनच दिवसांनीं नातीस घेऊन आम्ही वैजनाथाच्या दर्शनास परळीकडे निघालों. वाट सुमारें २५ किलोमीटरांची. बालाघाटाच्या उतारावर नात म्हणाली, "आजोबा, कसला वास येतोय?" गाडी थांबवून पाहतों तों तुंब्यांतून धूर! आम्हीं हात लावला, बोट पोळलें. चाक त्या उतारावरच जखडलें असतें तर, हा विचार मनांत आला आणि नातीकडे पाहवेना.

निरोप मिळतांच तो मोटारसायकलीवरून आला. तुंबा उघडला तेव्हां ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेलें, रोलर निळे-काळे पडलेले. त्यानें समजावून सांगितलें: नट अति आवळला कीं रोलर व कडी यांमध्यें ग्रीसचा थर राहण्यास जागा उरत नाहीं, धातूवर धातू घांसतो, तापतो, तापून फुगतो आणि उरलीसुरली जागाहि जाते.

"हें तुला ठाऊक होतें, मग बोलला कां नाहींस?"

"एकदां बोललों होतों, गुरुजी. तुमच्यापुढें दुसऱ्यांदा बोलायची संवय आम्हांला लागलीच नाहीं."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. आठवींत असतांना त्यानें एक शंका विचारली होती व 'उलट बोलतोस?' म्हणून आम्हीं त्यास छडी मारली होती. शंका काय होती तें आज आठवत नाहीं, छडी आठवते.

'सुख' शब्दाची एक व्युत्पत्ति कित्येक पंडित अशी देतात: 'ख' म्हणजे पोकळी, चाकाच्या नाभींतलें आंसाचें छिद्र, तें चांगलें असलें म्हणजे सुख. ही व्युत्पत्ति आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितली. मुलें ती निमूटपणें लिहून घेत आणि त्यांच्या त्या निमूटपणाचाच आम्हांस अभिमान वाटे!

पुन्हां नव्या बेअरिंगा आणल्या. या खेपेस त्यानें पाना आमच्याच हातीं दिला. "आवळा, गुरुजी. चाक अडलें? आतां एक-षष्ठांश फेरा मागें. षट्कोनी नटाची एक बाजू." आम्हीं तसें केलें. चाक हातानें सहज फिरूं लागलें.

परळीस जाऊन आलों. परत येतांच गाडी त्याच्या दारीं थांबवून आम्हीं तुंब्यावर तळहात ठेवला. तो नुसता कोमट होता. त्यानेंहि हात लावून पाहिला, मग जरा अडखळत म्हणाला, "गुरुजी, आणखी एक सांगूं? उजवें चाकहि उघडून बघायला पाहिजे."

आम्हांस त्याची गरज वाटत नव्हती.

"उघड," आम्ही म्हणालों, आणि खुर्ची ओढून बसलों.